कॉर्डलेस फोन आणि खाजगी बोलणे

टेलिफोनची तार नकोशी वाटणे हे टेलिफोनइतकेच जुने आहे. 1876 साली ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि चारच वर्षांनी, 1880 मध्ये, वॉशिंग्टन शहरात त्याने तारेशिवाय संभाषण करून पाहिले. त्याचा सहकारी टेंटर फ्रँकलिन स्कूल या शाळेच्या गच्चीवर, तर बेल 213 मीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत. टेंटरच्या बोलण्याने एक पातळ आरसा थरथरे, त्यावरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश कमीजास्त होई, तसतसा पलीकडे सेलेनियमचा विद्युतरोध बदले आणि त्यातून पुन्हा आवाज उमटे. या ‘फोटोफोन’चा बेलला टेलिफोनपेक्षाही अभिमान होता. ढग आले की संभाषण बंद, ही अडचण होतीच. पण किरण सरळ एका दिशेने जातो. त्याच्या वाटेत गेल्याशिवाय तिसऱ्याला काही ऐकू येणार नाही.

घराघरांत आलेला कॉर्डलेस मात्र रेडिओलहरींवर चालतो. दुसऱ्या महायुद्धात रेडिओ ऑपरेटर असलेल्या जॉर्ज स्वाइगर्ट या अमेरिकन माणसाला 1969 मध्ये अशा फोनचे एक पेटंट मिळाले. 1980 च्या दशकात तिकडे हे फोन भराभर खपले. त्यांची रचना साधी होती. भिंतीजवळचा संच 46 मेगाहर्ट्झच्या आसपास बोले, हातातला 49 च्या आसपास. म्हणून दोघांना एकाच वेळी बोलता येई. थोडक्यात, घरात दोन चिमुकली रेडिओ केंद्रे! एकच स्टेशन शेजारच्या खोलीतल्या रेडिओवरही लागते, हे मुलांना ठाऊक असते. इथेही तेच झाले. लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. सुरुवातीच्या अनेक फोनना ओळखीचा सांकेतिक क्रमांकही नसे, त्यामुळे शेजारी आपल्या लाईनवरून फोन करू शके आणि बिल आपल्याला!

कायद्याची भूमिका तर आणखी विचित्र होती. अमेरिकेच्या 1986 च्या कायद्याने टेलिफोनवरील बोलण्याला संरक्षण दिले, पण कॉर्डलेसच्या दोन भागांमधला रेडिओचा टप्पा त्यातून वगळला. आयोवा राज्यात काही शेजाऱ्यांनी आपल्या कॉर्डलेसवर दुसऱ्याची संभाषणे ऐकली. प्रकरण कोर्टात गेले. 1989 मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की, कॉर्डलेसवर बोलणाऱ्याला खाजगीपणाची अपेक्षा धरता येत नाही. म्हणजे एकच वाक्य तारेत असताना खाजगी आणि स्वयंपाकघर ते दिवाणखाना या प्रवासात सार्वजनिक! ही सूट 1994 मध्ये रद्द झाली.

खरा उपाय तंत्रज्ञानातून आला. 1990 च्या दशकातले डिजिटल फोन आवाजाचे आकडे करून पाठवू लागले आणि युरोपातल्या डेक्ट पद्धतीत ते आकडे सांकेतिक करण्याची सोय होती. सोय असणे आणि ती चालू असणे यांत मात्र फरक आहे. काही फोनमध्ये ती वापरलेलीच नसे. म्हणून घरासाठी फोन निवडताना पल्ला किती मीटर, यापेक्षा हे आधी विचारावे.

तारेकडून आणखी एक गोष्ट मिळत असे. जुन्या लाईनवरच्या साध्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच येई. कॉर्डलेसचा भिंतीजवळचा संच घरच्या विजेवर चालतो. दिवे गेले की, बॅटरीची सोय नसेल तर, तोही मुका.