भुंकण्याचा विवेक

दांडी म्हटले की वाचकांना महात्माजी आणि १९३० सालचे मूठभर मीठ आठवणार. ती दांडी गुजरातेतली, नवसारीकडची. मी राहतो ती दांडी पालघर जिल्ह्यातली, बोईसर-तारापूरच्या बाजूची, समुद्रकाठची. इतिहासाच्या पुस्तकांनी हिची दखल घेतलेली नाही. परंतु इतिहासातले एक लहानसे कोडे मला याच गावाने घातले. माणसाने कुत्रा पाळला तो त्याने भुंकावे म्हणून; आणि पाळल्या दिवसापासून माणूस त्याच्यावर ओरडत आला आहे तो त्याने भुंकू नये म्हणून! या दोन मागण्यांचा मेळ आजवर कोणी, कसा घातला?

या विचाराला निमित्त झाला माझ्या घरी आलेला एक कारवानी. दख्खनच्या माळावर सशामागे धावण्यासाठी घडलेली ही जात. लांब पाय, आवळलेले पोट, आणि वासापेक्षा नजरेने शिकार करणारी म्हणून एरवी मितभाषी. पण हा गृहस्थ आधीच्या मालकाकडे वर्षानुवर्षे साखळीला बांधलेला होता. रात्री बोलू लागला की थांबायचे नाव नाही. शेजारचे तांडेल पहाटेच्या भरतीला होडी काढणारे. त्यांनी एकदा शांतपणे सांगितले, "काका, समुद्रावर डोळा लागला तर माणूस जातो. कुत्र्याचे काय ते बघा." बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. गंमत अशी की, अंगणात बांबूंवर बोंबील वाळत पडले म्हणजे राखणीला याच तांडेलांना भुंकणारा कुत्रा हवा असतो. म्हणजे त्यांचे मागणे मौनाचे नव्हते, विवेकाचे होते.

हेच मागणे मला ऋग्वेदात सापडले. सातव्या मंडलातले पंचावन्नावे सूक्त हे वसिष्ठांच्या नावावर असलेले निद्रासूक्त. त्यात ऋषी देवाची नव्हे, कुत्र्याची विनवणी करतात. इंद्राची दूती सरमा, तिचा वंशज म्हणून त्याला 'सारमेय' असे कुलवंत नाव देतात. तू चोरावर धाव, दरोडेखोरावर धाव, आम्ही तर इंद्राचे स्तोते, आम्हांला का दटावतोस, असा त्या विनवणीचा भाव. मग घरातले एकेक माणूस झोपी जावो आणि त्यांच्याबरोबर कुत्राही झोपी जावो, अशी प्रार्थना. परंपरा सांगते की, वसिष्ठ रात्री वरुणाच्या घरात शिरले तेव्हा तिथला कुत्रा भुंकत अंगावर आला आणि त्याला निजवण्यासाठी ही सूक्ते म्हटली गेली. मंत्राने कुत्रा निजतो की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मला महत्त्वाचे वाटते ते त्या ऋषीने 'भुंकू नकोस' असे सरसकट म्हटले नाही हे. कोणावर भुंकावे आणि कोणावर भुंकू नये, एवढेच तो शिकवू पाहतो.

दुसरा मार्ग महाभारताच्या आदिपर्वात आहे. पांडवांबरोबर रानात गेलेला कुत्रा एकलव्याला पाहून भुंकू लागला. त्या निषादपुत्राने सात बाण अशा हातोटीने मारले की कुत्र्याचे तोंड बंद झाले. धनुर्विद्येचा तो चमत्कार आपण बालपणापासून ऐकतो. पण कथेची पुढची चाल पाहा. बाणांनी भरलेले तेच मुके तोंड घेऊन कुत्रा पांडवांकडे परतला, त्यावरून त्यांनी त्या अज्ञात धनुर्धराचा शोध घेतला, आणि अखेर एकलव्याला अंगठा द्यावा लागला. भुंकणारा कुत्रा जे सांगू शकला नसता ते बंद केलेल्या तोंडाने सांगितले. द्रोणांच्या अन्यायावर पुष्कळ लिहिले गेले आहे, तो अन्यायच आहे. मला त्या कथेत आणखीही एक गोष्ट दिसते. जबरदस्तीने आणलेले मौन फार बोलके असते.

तिसरी गोष्ट आमच्याच किनाऱ्याची. येथून उत्तरेला संजाण, जिथे पारशी प्रथम स्थिरावले. आणि जवळच्या तारापुरातही त्यांची जुनी वस्ती. पारशांच्या 'वेंदिदाद' ग्रंथाचे तेरावे प्रकरण मुख्यतः कुत्र्यांविषयी आहे. मेंढपाळाचा कुत्रा आणि घरराखा कुत्रा नसेल तर पृथ्वीवर घर उभे राहणार नाही, असा त्याचा आशय. त्या स्मृतीच्या दृष्टीने दोषी कुत्रा कोणता? न भुंकता चावणारा! त्याच्या गळ्यात लाकडी जोखड घालावे, आणि बिघडलेल्या कुत्र्यावर श्रद्धावंत माणसाप्रमाणे उपचार करावेत, असे ती सांगते. प्रेतावर कुत्र्याची नजर पाडण्याचा 'सगदीद' हा विधी तर सर्वश्रुत आहे.

अशा समाजाच्या डोळ्यांदेखत १८३२ साली मुंबईच्या कोटात मोकाट कुत्री मारण्याची मोहीम निघाली. उन्हाळ्यातली मारण्याची मुदत त्या वर्षी वाढवण्यात आली होती. मारणाऱ्यांना दर कुत्र्यामागे बक्षीस असल्यामुळे पाळीव कुत्रीही सुटेनात. ६ जूनला पारशांनी त्या शिपायांना चोप दिला; दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, हिंदू आणि जैनही सामील झाले, आणि लष्कर बोलवावे लागले. पुढे जमशेटजी जिजीभाईंनी मध्यस्थी केली. १८३४ साली त्यांनी आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईचा पांजरापोळ स्थापन केला. तिथे प्रश्न भुंकण्याचा नव्हता हे खरे. पण उपद्रव नको म्हणून उपद्रव देणारा प्राणीच नको, हा सोपा हिशेब शहराला पचला नाही, एवढे त्यातून दिसते.

आता थोडे शास्त्र पाहू. प्रौढ लांडगा क्वचितच भुंकतो; हा स्वर कुत्र्याने माणसाच्या संगतीत जोपासला. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात हुआन फर्नांदेझ बेटावरच्या कुत्र्यांचा दाखला दिला आहे. माणसाविना राहून ती मुकी झाली होती. १७४३ साली स्पॅनिश प्रवासी उल्योआ तिथे गेला तेव्हा ती तशीच होती, आणि त्यांपैकी काहींना माणसांत आणल्यावर ती हळूहळू पुन्हा भुंकायला शिकली. म्हणजे भुंकणे हे काही अंशी आपल्याला उद्देशूनच असते. ऐकणाराच नसेल तर बोलायचे कोणासाठी?

हे ध्यानात आले म्हणजे शिकवण्याची रीत आपोआप सुचते. आधी कारण शोधावे. भीती, परका माणूस, एकटेपणा, की नुसता कंटाळा? आपण ओरडलो तर कुत्र्याला वाटते, धनीही आपल्याबरोबर भुंकतो आहे. म्हणून दोन भुंका होऊ द्याव्यात, उठून पाहावे, मग हलक्या आवाजात 'बस' म्हणावे. तो क्षणभर थांबला की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्यावा. पुढे तो क्षण थोडाथोडा लांबवावा. बक्षीस शब्दाला नव्हे, मौनाला मिळते हे त्याला कळायला दिवस लागतात. आणि या सर्वांआधी त्याचे पाय दमवावेत. आमचा कारवानी रोज सकाळ-संध्याकाळ ओहोटीच्या ओल्या वाळूवर धावू लागला. पावसाळा सरेपर्यंत त्याच्या रात्री निवळल्या. अनोळखी पाऊल वाजले तर आजही दोनदा भुंकतो आणि माझी वाट पाहतो. तांडेलांची झोप शाबूत आहे आणि त्यांचे बोंबीलही.

यात कुठलेही नवल नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातच आहे की, सतत साखळीत किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हीही धन्याची क्रूरता होय. जे कायद्याने दंडनीय म्हटले तेच बहुतेक अनावर भुंकण्याचे मूळ असावे, हा योगायोग नव्हे.

महाराष्ट्राने तर भुंकण्याला सेवेचा मान दिला आहे. खंडोबाच्या पायी स्वतःला वाहिलेला वाघ्या जेजुरीला देवापुढे कुत्रा होऊन भुंकत असे. आपण धन्याच्या दारचे राखणदार, एवढाच त्याचा दावा. राखणदाराचा आवाज कापून घर सुरक्षित होत नाही. त्याला चोर कोण आणि स्तोता कोण हे ओळखायला शिकवावे लागते, आणि शिकवायचे म्हणजे त्याचे ऐकावे लागते. वसिष्ठांच्या सूक्तात निद्रेची पाळी सगळ्या घराची आहे, एकट्या कुत्र्याची नव्हे. घर निश्चिंत झाले की राखणदारही निजतो.