मिलेचे खडू, मिलेचं तेल

बोस्टनच्या म्यूझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये मी पहिल्यांदा गेलो तो निव्वळ थंडीपासून वाचायला. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एका चित्रापुढे मात्र पाय थांबले. पुढे बायका पेंढ्या उचलताहेत, मागे पुरुषांचा घोळका गोल करून दांडक्यांनी धान्य झोडपतोय, बाजूला काड जाळल्याचा धूर. अहो, ही तर आमच्या गावची मळणी! फक्त बैल नाहीत आणि धान्य ज्वारी नाही, कुट्टू आहे (तोच, उत्तरेत उपवासाला खातात तो). चित्रकार झां-फ्रान्स्वा मिले, काळ 1868 ते 1874.

म्हणजे एका चित्राला सहा वर्षं? आमच्याकडे प्रोजेक्ट इतकं लांबलं तर मॅनेजर बदलतो. इथून माझं मिले-वाचन सुरू झालं.

मिले 1814 साली नॉर्मंडीत समुद्रकाठच्या ग्रूशी नावाच्या वाडीत शेतकऱ्याच्या घरी जन्मला. चित्रकला शिकायला पॅरिसला गेला, आणि 1849 साली तिथे कॉलरा पसरल्यावर बायकामुलांना घेऊन बार्बिझों या जंगलालगतच्या खेड्यात आला, तो कायमचा. त्याच गावातले त्याचे स्नेही जंगलात जाऊन झाडांसमोर बसून रंगवायचे. हा गडी संध्याकाळी फिरून यायचा, फार तर वहीत चार रेघा मारायचा आणि चित्र करायचा ते स्टुडिओत, आठवणीतून. स्टुडिओ म्हणजे धान्याच्या कोठारासारखी एक खोली. शेतं बार्बिझोंची पाहायची आणि रंगवायची बऱ्याचदा नॉर्मंडीची. कुट्टूची ती मळणीही नॉर्मंडीचीच.

कुट्टूचं चित्र चार ऋतूंच्या मालिकेतलं. फ्रेडरिक हार्टमन नावाच्या गिऱ्हाइकाने 1868 साली ती सांगितली. इंद्रधनुष्याचा 'वसंत' 1873 मध्ये पुरा झाला, तो आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. 'शिशिर' 1875 च्या जानेवारीत मिले गेला तेव्हाही अर्धाच होता.

उशिराचं एक कारण त्याचा स्वभाव, दुसरं तेलरंग. जवसाचं तेल (आपल्या चटणीतलं जवस, तेच) पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्यामुळे खरवडा, पुसा, परत लावा, कितीही दिवस चालतं. पेस्टलचं उलट. रंगाची भुकटी, थोडा खडू आणि जेमतेम कांडी टिकेल इतका डिंक. वाळायची भानगडच नाही. पण रंग पाटीवर कालवता येत नाहीत, आणि फार गिरवलं की कागद भरून जातो, पुढचा थर बसत नाही. मिले आधी काळ्या खडूने चित्र आखायचा, मग त्यावर रंगीत रेघा शेजारी शेजारी ओढायचा आणि कागदाचा मूळ तपकिरी रंग मध्ये तसाच ठेवायचा. दूर उभं राहिलं की माती दिसते. जवळ गेलं की नुसता कागद!

1865 पासून एमिल गावे नावाच्या आर्किटेक्टने त्याच्याकडून अशी पेस्टलं घ्यायचा सपाटा लावला आणि नव्वदच्या वर चित्रं जमवली. मिलेच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, 1875 च्या जूनमध्ये, पॅरिसमध्ये त्यांचा लिलाव झाला. तेव्हा तिथे आर्ट डीलरकडे नोकरीला असलेला बावीस वर्षांचा व्हॅन गॉग ती पाहायला गेला होता आणि भारावून त्याने भावाला पत्र लिहिलं.

बोस्टनला इतका मिले कसा आला? विल्यम मॉरिस हंट हा अमेरिकन चित्रकार बार्बिझोंत राहून मिलेची चित्रं घेऊन परतला आणि इथल्या श्रीमंतांना त्याने तो नाद लावला. त्यातल्या क्विन्सी अ‍ॅडम्स शॉने मिशिगनच्या तांब्याच्या खाणींत पैसा केला होता. त्याचा संग्रह 1917 साली वारसांनी म्यूझियमला देऊन टाकला. त्यात 'डँडेलियन्स' नावाचं पेस्टल आहे. आकाश नाही, माणूस नाही, नुसतं गवत आणि ती फुलं. इथे लोक लॉनवर औषध मारून जी उपटतात तीच. पण पेस्टल प्रकाशात फार काळ ठेवत नाहीत, तेव्हा दिसलं तर नशीब.

याच म्यूझियममधलं 'तरुण मेंढपाळीण' हे मोठं तैलचित्र. आम्ही वेल्डिंगचे जोड एक्स-रेने तपासतो, तसं 1980 च्या दशकात म्यूझियमने ते तपासलं. शिशाचा पांढरा रंग एक्स-रे अडवतो, म्हणून खालचं उमटलं. खाली होतं 1848 साली मिलेने प्रदर्शनात मांडलेलं, टीका झालेलं आणि हरवलं असं समजलं गेलेलं 'बाबिलोनमधले बंदिवान ज्यू'! 1870 च्या प्रशियाच्या युद्धात कॅनव्हास मिळेना, म्हणून त्याने स्वतःच त्यावर मेंढपाळीण काढली असावी, असं जाणकार म्हणतात.

आता मला छळणारी गोष्ट. मिलेची आजी 1851 मध्ये गेली, आई 1853 मध्ये. आई ये ये म्हणत होती, पण प्रवासाला पैसे नव्हते. तो गावी पोचला तेव्हा उरल्या होत्या घरच्या वाटण्या. पुढे 1861 साली त्याने 'वाट पाहणे' नावाचं चित्र प्रदर्शनात ठेवलं, ते आता कॅन्सस सिटीत आहे. विषय बायबलमधला, परदेशी गेलेल्या टोबायसचे आईबाप. घर मात्र नॉर्मंडीतलं. आंधळा बाप चाचपडत दाराबाहेर येतोय आणि म्हातारी रस्त्याकडे बघतेय. ऑफिसच्या कामाला तिकडे गेलो असताना मी ते पाहिलं आणि पाच मिनिटांत बाहेर पडलो. मला तर तिकिटाची अडचण कधीच नव्हती, अडचण होती ती रजेची, असं मी सांगत असे.

ग्रूशीचं शेवटचं घरही त्याने एकदा नाही, पुन्हा पुन्हा रंगवलं. त्यातली 1866 ची आवृत्ती बोस्टनला आहे: दगडी भिंत, वाऱ्याने वाकलेलं एल्मचं झाड, पलीकडे समुद्र. कुट्टूच्या मळणीचा फोटो मी आईला पाठवला होता. फोनवर म्हणाली, "चित्र चांगलंय रे, पण त्या बायकांना ऊन केवढं लागत असेल. आणि तू जेवलास का?"