अवकाश दूरदर्शक

अवकाश दूरदर्शक : पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, कृत्रिम उपग्रहावर अथवा सूर्याभोवती फिरणाऱ्या यानावर बसवलेले, खस्थ ज्योतींपासून येणारे दृश्य व अदृश्य प्रारण गोळा करून त्याची नोंद पृथ्वीकडे पाठवणारे उपकरण. असा दूरदर्शक वर नेल्याने आपण ताऱ्यांच्या जवळ जातो, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु ज्या हबल दूरदर्शकाचे नाव आज शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे, तो भूपृष्ठापासून अवघ्या पाचशे-सहाशे किलोमीटर उंचीवरून फिरत आला आहे, आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा ताराही ४ प्रकाशवर्षांहून दूर असल्यामुळे ही उंची हिशेबात धरण्याजोगीही नाही. खरा लाभ वातावरणाचा पडदा मागे टाकण्यात आहे.

हा पडदा आपल्या जीविताचा रक्षक असला, तरी ज्योतिर्विदाच्या कामात तो मोठा अडसर होतो. ओझोन वायू जंबुपार किरणांचा बराच भाग शोषून घेतो, जलबाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड अवरक्त किरणांच्या मोठ्या पट्ट्यांना वाट देत नाहीत, आणि विश्वातून येणारे क्ष-किरण तर वरच्या वरच नाहीसे होतात. जो दृश्य प्रकाश खाली पोहोचतो, तोही निरनिराळ्या तापमानांच्या हवेतून थरथरत येतो व ताऱ्याच्या बिंदूचा ठिपका करून टाकतो. या अडचणींचा पद्धतशीर विचार करून वातावरणाबाहेरच्या वेधशाळेचे लाभ सांगणारे टिपण अमेरिकन ज्योतिर्विद लायमन स्पिट्झर यांनी १९४६ साली, म्हणजे पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात जाण्यापूर्वी ११ वर्षे, लिहून ठेवले होते.

क्ष-किरणांच्या बाबतीत या विचाराची सत्यता सर्वांत आधी पटली. जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी व त्यांचे सहकारी यांनी चंद्रावरून क्ष-किरण येतात की काय, हे पाहण्यासाठी एक अग्निबाण सोडला. वातावरणाबाहेर मिळालेल्या काही मिनिटांत चंद्राने त्यांना काहीच दिले नाही, मात्र वृश्चिक राशीच्या दिशेला क्ष-किरणांचा असा प्रखर उद्गम आढळला की, ज्याची कोणी अपेक्षाही केली नव्हती. पुढे १२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, त्या देशाच्या किनाऱ्याजवळील समुद्रातल्या मंचावरून ‘उहुरू’ हा उपग्रह सोडण्यात आला, आणि त्याने तीनशेहून अधिक उद्गमांची यादी तयार केली. हंस तारकासमूहातील एक उद्गम कृष्णविवर असावा, या तर्काला बळ मिळाले ते याच वेधांमुळे.

क्ष-किरणांची प्रतिमा मिळवणे हे मात्र वेगळेच कठीण काम आहे, कारण आरशावर सरळ आदळलेला क्ष-किरण परावर्तित न होता आरशातच शिरतो. चपटा खडा तळ्याच्या पाण्यालगत भिरकावला असता तो जसा न बुडता टप्पे घेत पुढे जातो, तसा हा किरण पृष्ठभागाला जवळजवळ समांतर आला तरच परावर्तित होतो. म्हणून १९९९ साली सोडलेल्या ‘चंद्रा’ वेधशाळेत आरशाच्या बशीऐवजी इरिडियमचा लेप दिलेली नळकांड्यांसारखी परावर्तक कवचे एकात एक बसवलेली आहेत. लाहोर येथे जन्मलेले आणि श्वेत लघुताऱ्याच्या वस्तुमानाची, सूर्याच्या सुमारे १.४ पट अशी, मर्यादा गणिताने काढणारे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव या वेधशाळेला दिलेले आहे, आणि मृत ताऱ्यांचा शोध हेच जिचे एक प्रमुख काम, तिला याहून योग्य नाव मिळाले नसते.

स्पिट्झर यांच्या टिपणातील मोठा दूरदर्शक प्रत्यक्षात यावयास ४४ वर्षे लागली. अमेरिकन काँग्रेसने १९७४ साली नाकारलेली रक्कम १९७७ साली मंजूर केली, आणि २४ एप्रिल १९९० रोजी २.४ मीटर व्यासाचा आरसा घेऊन हबल दूरदर्शक आकाशात गेला. थोड्याच आठवड्यांत असे उघडकीस आले की, आरशाची कड हवी त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटराच्या साधारण साडेचारशेव्या हिश्शाने, अधिक सपाट घासली गेली आहे, व त्यामुळे प्रकाश एका बिंदूत येतच नाही. चौकशीत कारण सापडले ते असे : आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर जागा सोडून बसवले गेले होते, आणि त्या चुकीच्या मापाबरहुकूम आरसा मात्र अत्यंत काटेकोरपणे घडवला गेला होता. याहून चटका लावणारी गोष्ट ही की, दुसऱ्या साध्या चाचण्यांनी हा दोष दाखवला होता. परंतु त्या कमी अचूक म्हणून त्यांची साक्ष अमान्य करण्यात आली. कारागिरी इतकी निर्दोष असतानाही फेरतपासणीत कसूर झाल्यास काय घडते, याचा एवढा बोलका दाखला विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच मिळेल. आरसा बदलणे अशक्य होते. पण दोष नेमका किती, हे ठाऊक असल्यामुळे त्याच्या उलट वक्रतेचे छोटे आरसे बनवता आले, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा यानाबाहेर पडून ते बसवून दिले.

दुरुस्त झालेल्या या दूरदर्शकाची कामगिरी सांगताना त्याच्या रंगीत छायाचित्रांचाच गौरव बहुधा केला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे सर्वांत मोठे काम एका रिकाम्या जागेच्या वेधाचे आहे. दूरदर्शकाच्या वेळेसाठी जगभरचे अर्ज रांगेत असताना, संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अखत्यारीतील वेळ खर्ची घालून डिसेंबर १९९५ मध्ये तो सतत दहा दिवस सप्तर्षी तारकासमूहातील अशा एका कोपऱ्याकडे रोखला की, जेथे काहीही विशेष दिसत नव्हते. तेथे काही मिळणार नाही, असे काही जाणत्यांचे मत होते. संपूर्ण आकाशाच्या सुमारे २ कोटी ४० लाखांशाएवढ्या त्या तुकड्यात सुमारे ३,००० दीर्घिका आढळल्या. त्यांतील अनेक लहान, वेड्यावाकड्या आकारांच्या व निळसर आहेत, कारण त्यांचा प्रकाश विश्वाच्या बाल्यावस्थेत निघालेला आहे. दीर्घिका आजच्या रूपात आरंभापासून नव्हत्या, त्या घडत गेल्या, ही गोष्ट येथे डोळ्यांनी पाहता आली.

विश्वाचे वय ठरवण्याचे काम सूक्ष्मतरंग प्रारणाच्या वेधांनी केले. ‘कोबे’ (१९८९) व ‘प्लांक’ (२००९) या यानांनी महास्फोटानंतर उरलेल्या, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर असलेल्या प्रारणातील लाखांशाइतके चढउतार मोजले. त्यांवरून विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आणि त्यातील सामान्य द्रव्याचा वाटा अवघा ५ टक्के ठरतो. मात्र या पद्धतीने काढलेला विश्वाच्या प्रसरणाचा वेग आणि हबलच्या साहाय्याने ताऱ्यांची अंतरे मोजून मिळालेला वेग यांचा मेळ बसत नाही : दर दशलक्ष पार्सेकला पहिला सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर, तर दुसरा सुमारे ७३ किलोमीटर येतो. ही तफावत मापनाची की सिद्धांताची, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

अदृश्य द्रव्याचा सबळ पुरावा दोन तरंगलांबींतील वेध एकमेकांवर ठेवल्यामुळे मिळाला. ‘बुलेट क्लस्टर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर आदळून आरपार गेलेले आहेत. त्यांतील तप्त वायू, म्हणजे सामान्य द्रव्याचा बहुतेक भाग, धडकेत मागे अडकलेला ‘चंद्रा’च्या प्रतिमेत दिसतो, पण मागील दीर्घिकांच्या प्रकाशाला वाकवणारे गुरुत्वाकर्षण मात्र पुढे निघून गेलेले आढळते. एकट्या दुर्बिणीला हा निवाडा करता आला नसता.

अतिदूरच्या दीर्घिकांचा प्रकाश प्रसरणामुळे ताणला जाऊन अवरक्तात जातो, आणि उबदार दूरदर्शक स्वतःच अवरक्त किरण सोडत असल्याने त्याला तो नीट दिसत नाही. यासाठी २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेला जेम्स वेब दूरदर्शक पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, पाच पदरी सूर्यरोधकाच्या छायेत ठेवलेला आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या बेरिलियमच्या १८ षट्कोनी तुकड्यांचा त्याचा ६.५ मीटरचा आरसा अग्निबाणात मावत नसल्याने दुमडून नेला व वाटेत उलगडला. तेथे दुरुस्तीला कोणी जाणे शक्य नसल्यामुळे उलगडण्याची प्रत्येक पायरी पहिल्याच वेळी साधणे भाग होते, आणि ती साधली. महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतच तेजस्वी दीर्घिका अस्तित्वात होत्या, असे त्याने दाखवले आहे. इतक्या लवकर इतके तारे कसे जमले, याचे समाधानकारक उत्तर आजच्या सिद्धांतांकडे नाही. परक्या ताऱ्यांच्या ग्रहांवरील वायूंची ओळखही तो पटवतो. असे हजारो ग्रह शोधण्याचा मान मात्र केप्लर दूरदर्शकाचा (२००९–१८).

भारताची पहिली बहुतरंगी अवकाश वेधशाळा ‘अॅस्ट्रोसॅट’ २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सुटली. जंबुपार ते उच्च ऊर्जेचे क्ष-किरण असे वेध एकाच वेळी घेण्याची तिची योजना असून, क्ष-किरणांच्या प्रमुख उपकरणांची उभारणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाली; या संस्थेने त्यापूर्वी कित्येक दशके बलूनांतून उपकरणे उंच पाठवून या विद्येचा पाया घातला होता. पुण्याच्या ‘आयुका’ या आंतरविद्यापीठीय केंद्रातील कनक साहा व त्यांचे सहकारी यांनी २०२० साली, अॅस्ट्रोसॅटच्या ३८ सेंटिमीटर व्यासाच्या जंबुपार दुर्बिणीतून, सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेचे उच्च ऊर्जेचे जंबुपार प्रारण ओळखले. त्याच भागाचे वेध हबलने पूर्वी घेतलेले असूनही हे क्षीण प्रारण हाती लागले नव्हते. आरशाचा व्यास सहापट लहान असूनही भारतीय उपकरणाला ते साधले, कारण त्याच्या संवेदकातील पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी होता. आयुकातच पुढे सूर्याचे जंबुपार वेध घेणारी दुर्बीण तयार झाली, आणि २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेल्या ‘आदित्य एल-१’ यानावर ती बसवण्यात आली.