कुर्चातोव्हची तलवारबाज

शाळेच्या भिंतीवर युरोपचा नकाशा टांगलेला असेल तर त्यावर मॉस्को शोधा आणि तिथून बोट खाली, दक्षिणेकडे न्या. कुर्स्क हे शहर लागेल. त्याच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर कुर्चातोव्ह नावाचे एक लहानसे गाव आहे. नकाशात ते बहुधा सापडायचे नाही. अणुवीज केंद्र उभारायला आलेल्या माणसांसाठी हे गाव वसले आणि इगोर कुर्चातोव्ह या अणुशास्त्रज्ञाचे नाव त्याला दिले गेले. अशा या गावात १० मार्च १९९० रोजी इन्ना डेरिग्लाझोव्हा जन्मली. तलवार हाती धरायला ती शिकली तीही इथेच, इल्दार माव्ल्युतोव्ह या गुरूच्या हाताखाली.

तलवार म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे जड पाते येईल. तसे नाही बरे का! हिचे शस्त्र फॉइल. वजन अर्ध्या किलोहून कमी, पाते छडीसारखे लवचिक, आणि टोकाला बोथट बटण. वार करायचा नाही, फक्त टोचायचे, तेही धडावर. हातापायाला लागले तर गुण नाही. अंगातले जाकीट धातूच्या तारांनी विणलेले असते, टोक त्यावर नीट दाबले गेले की दिवा लागतो. पण दोघींचे दिवे एकदम लागले तर? मग पंच पाहतो की चाल आधी कोणी केली. जिने आधी हल्ला चढवला तिचा गुण. मात्र समोरचीने तो पात्याने अडवून उलट टोचले तर गुण तिचा. म्हणजे हाताइतकेच डोक्याचे काम. पंधरा गुण आधी करील ती जिंकली, नाहीतर तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या संपल्यावर जिचे गुण जास्त ती.

या खेळात रशियाचे नाव जुने. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाच्या येलेना बेलोव्हाने फॉइलचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले होते. त्यानंतर मात्र ते पदक तिकडे फिरकलेच नाही. सोव्हिएत संघ विसर्जित झाला, नवा रशिया आला, तरी नाही. वाटेत इटलीची भिंत उभी राहिली. एकट्या वालेंतिना वेझालीने २०००, २००४ आणि २००८ अशी लागोपाठ तीन सुवर्णपदके नेली. २०१२ साली लंडनला तर कमाल झाली. वैयक्तिक स्पर्धेची तिन्ही पदके इटलीच्याच बायकांनी घेतली, आणि सांघिक अंतिम सामन्यात रशियाला हरवले तेही इटलीनेच. त्या हरलेल्या रशियन संघात इन्ना होती. बावीस वर्षांची, आणि घरी तीन वर्षांची मुलगी.

होय, २००९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती आई झाली होती. पुष्कळ मुलींचा खेळ इथेच सुटतो, मग देश कोणता का असेना. हिचा सुटला नाही. २०११ साली कातानियाला रशियाच्या संघाने जागतिक विजेतेपद मिळवले तेव्हा ती संघात होती.

लंडननंतर रशियाने एक हुशारी केली. भिंत फोडायची तर गवंडीच आणावा! इटलीच्या फॉइल संघाचे प्रशिक्षक स्तेफानो चेरिओनी, जे स्वतः १९८८ चे ऑलिंपिक विजेते, त्यांनाच रशियाने आपल्याकडे बोलावून घेतले. २०१५ साली मॉस्कोत इन्ना प्रथमच वैयक्तिक जगज्जेती झाली. पुढे २०१७ साली लायप्झिगला आणि २०१९ साली बुडापेस्टला पुन्हा.

पण या साऱ्याहून मोठा दिवस १० ऑगस्ट २०१६ चा, रिओचा. उपांत्य सामन्यात तिने आपल्याच संघातल्या आयदा शानायेव्हाला हरवले. अंतिम सामन्यात समोर होती एलिसा दी फ्रांचिस्का, लंडनची सुवर्णविजेती, अर्थात इटलीची. दोघी इतक्या जपून खेळल्या की पंधरापर्यंत कोणी पोचलेच नाही. शेवटचा आकडा इन्ना १२, एलिसा ११. एका टोचणीचा फरक, आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी ते पदक पुन्हा रशियन हाती आले.

टोकियोची स्पर्धा साथीमुळे वर्षभर लांबून २०२१ च्या जुलैत झाली. इन्ना पुन्हा अंतिम सामन्यात. या वेळी अमेरिकेची ली कीफर, वैद्यकीची विद्यार्थिनी, १५-१३ ने जिंकली. कांस्यपदक इन्नाच्याच संघातल्या लारिसा कोरोबेयनिकोव्हाला. १९८८ नंतर प्रथमच या तीन पदकांत इटलीचे एकही नव्हते!

चारच दिवसांनी सांघिक अंतिम सामना झाला. फ्रान्सचा ४५-३४ असा पराभव करून इन्ना आणि तिच्या सोबतिणींनी सुवर्णपदक घेतले. मात्र उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणावरून रशियाचे नाव, ध्वज आणि राष्ट्रगीत यांना त्या स्पर्धेत बंदी होती. खेळाडू उतरले ते रशियन ऑलिंपिक समितीच्या नावाने. साथ असल्यामुळे पदक गळ्यात घालायलाही कोणी पाहुणा नव्हता. तबकात ठेवलेले पदक खेळाडूंनीच उचलून घ्यायचे. चौघी उभ्या राहिल्या, आणि राष्ट्रगीताच्या जागी वाजला चायकोव्हस्कीचा पियानो.