थोडं जास्त तेल, आणि जहाजावर स्फोट

आजचा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटेल: जहाजावरच्या एअर कॉम्प्रेसरमध्ये तेल किती घालायचं? पण यावर इंजिनरूममधल्या माणसांचे जीव अवलंबून असतात, म्हणून जरा मागे जाऊया.

फेब्रुवारी १९१२. कोपनहेगनहून 'सेलांडिया' बँकॉकला निघालं. डिझेलवर महासागर ओलांडणाऱ्या पहिल्या मोठ्या जहाजांपैकी हे एक. वाफेचं मुख्य इंजिन नाही, त्यामुळे उंच धुराडंही नाही. लंडनमध्ये विन्स्टन चर्चिल, तेव्हाचे नौदलमंत्री, स्वतः ते बघायला आले.

पण त्या काळचं डिझेल इंजिन कॉम्प्रेसरशिवाय पांगळं होतं. इंधन फवारायलाच जबरदस्त दाबाची हवा लागायची. पुढे इंधनपंप सुधारले आणि ते काम संपलं. दुसरं काम मात्र आजही आहे: इंजिन सुरू करणं. साधारण ३० बार दाबाची हवा टाक्यांत साठवतात, ती सिलिंडरमध्ये सोडली की अवाढव्य पिस्टन हलतात.

आता गंमत बघा. रुडॉल्फ डिझेलची कल्पना काय होती? हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन ठिणगीशिवाय पेटेल. आणि कॉम्प्रेसरही हवाच दाबतो! मी हिशोब केला: २० अंशांची हवा एका दमात ३० बारला नेली, तर तापमान ५०० अंशांच्या आसपास जातं. म्हणूनच दोन टप्प्यांत दाबतात आणि मध्ये थंड करतात. मग आकडा २०० च्या जवळ राहतो.

तेल कमी पडलं तर बेअरिंग जळतं. म्हणून वाटतं, थोडं जास्तच घालूया. पण जास्तीचं तेल पिस्टनच्या रिंगांवरून वर चढतं, गरम व्हॉल्व्हवर करपतं आणि काळा थर जमतो. काही तेल हवेबरोबर पुढच्या पाइपांत जातं. मग व्हॉल्व्ह गळू लागला, तर तीच गरम हवा परत आत येऊन पुन्हा दाबली जाते, आणखी तापते. एखाद्या दिवशी थर पेटतो. म्हणजे नको त्या जागी डिझेल इंजिन! अशा स्फोटांत माणसं गेली आहेत.

म्हणून शिस्त ठरली. मशीन बंद करायचं, तेल खाली बसू द्यायचं, मग पातळी दोन खुणांच्या मध्ये ठेवायची. सांगितलेल्या ग्रेडचंच तेल. टाक्यांच्या तळाचं पाणी आणि तेल नियमित काढायचं. सेफ्टी व्हॉल्व्ह असतातच, पण ते शेवटचा आधार.

इतिहासात सेलांडिया आहे, चर्चिल आहेत. खूण बघून तेलाचा डबा वेळेवर खाली ठेवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पण डिझेल जहाजं शंभरहून जास्त वर्षं चालली, त्यात त्याचाही हात आहे.