चुनखडी

चुनखडी, स्त्री. : भाजून चुना काढतात तो दगड. मुख्य खनिज कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट.

आढळ : यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा (बेसॉल्ट). चुनखडीचे जुने थर पूर्वेला, वणी व झरी-जामणी तालुक्यांकडे उघडे पडतात. विल्यम किंग यांनी १८८१ मध्ये प्राणहिता-गोदावरी खोऱ्याचे भूवर्णन लिहिताना हे थर पैनगंगेच्या नावाने नोंदले. तेच नाव आजही चालते.

रंग : राखाडी, गुलाबीसर, पिवळट.

व्युत्पत्ती : संस्कृत चूर्ण, प्राकृत चुण्ण, मराठी चुना. मूळ अर्थ भुकटी. पैनगंगेपलीकडे तेलुगूत सुन्नम् म्हणतात, तोही याच कुळातला. दगडाला हे नाव भट्टीने दिले आहे. शुद्ध चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० किलोमागे ५६ किलो कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी शिंपडले की ती तडकते, फुलते, वाफा सोडते आणि पाहता पाहता तिची पांढरी फक्की होते. ‘चूर्ण’ हे नाव किती नेमके आहे, ते इथे दिसते. वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. दगड आणि कोळसा दोन्ही त्याच टापूत मिळतात.

‘खडी’चा संबंध बहुधा संस्कृत खटी, खटिका (खडू) यांच्याशी जोडतात. ‘खडा’ शब्दाशी असलेले तिचे नाते वादाचे आहे. रस्त्यावर पसरतात ती खडी मात्र येथे अभिप्रेत नाही.

कॅल्साइट हे शास्त्रीय नाव लॅटिन ‘काल्क्स’ (चुना) यावरून आले. तेथेही दगड चुन्यावरूनच ओळखला गेला.

ओळख : नखाने ओरखडत नाही, चाकूने ओरखडते. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच फसफसते. गारगोटी फसफसत नाही.

इतर अर्थ : शेतकरी काळ्या रानातल्या पांढऱ्या चुनकंकरालाही चुनखडीच म्हणतो. अशा जमिनीत झाडाला लोह नीट मिळत नाही. संत्र्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बागेची जागा ठरवण्याआधी माती तपासून घ्यावी.