विमानातल्या नर्सताई

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला आणि गप्पा निघाल्या. गटातल्या एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी दुबईला निघाल्या आहेत. पहिलाच विमानप्रवास. त्यांनी विचारलं, "वर आभाळात कुणाला काही झालं तर? तिथं कुठली १०८ यायची?" आम्ही सगळ्याच गप्प. मग शोधाशोध केली, तीच माहिती आज तुम्हाला सांगतो.

काकूंचा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत एलन चर्च नावाची नर्स होती. तिला विमानही चालवता येत होतं. ती एका विमान कंपनीत वैमानिकाचं काम मागायला गेली, पण बाईला ते काम मिळेना. मग तिनं सुचवलं, लोक विमानाला घाबरतात, त्यांना उलट्या होतात, तर सोबत नर्स ठेवा. कंपनीनं तीन महिन्यांच्या बोलीवर ८ नर्सेस घेतल्या. १५ मे १९३० रोजी एलन पहिल्या फेरीला निघाली. सॅन फ्रान्सिस्कोजवळून शिकागोला जायला २० तास आणि वाटेत १३ थांबे, अगदी आपल्या एसटीसारखे! म्हणजे आज ज्यांना आपण हवाईसुंदरी म्हणतो, त्या मुळात नर्सताई होत्या. पुढं दुसऱ्या महायुद्धात नर्सेस सैन्यात गेल्या आणि नर्स असण्याची अट सुटली.

त्या वेळची विमानं फार उंच जात नसत. खूप उंचावर हवा विरळ, श्वास पुरत नाही. १९४० च्या सुमाराला आत हवेचा दाब धरून ठेवणारी प्रवासी विमानं आली आणि उंच उडणं जमलं. तरी आतला दाब जमिनीवर असतो तेवढा नसतो. तो साधारण २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा, तसा असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दीडपट उंचीवर तासन् तास बसायचं! धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. पण दमा, हृदयाचा आजार किंवा अंगात रक्त फारच कमी असेल, तर त्रास होऊ शकतो. आपल्या बायकांत रक्त कमी असणं घरोघरी आहे, म्हणून निघण्याआधी तपासून घ्यायचं.

दुसरा धोका नुसत्या बसण्याचा. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते. लोक रात्र रात्र आसऱ्याच्या जागी खुर्चीत बसून काढत. त्यांतले काही अचानक मरू लागले. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जात होती. पुढं १९५४ साली बोस्टनचे सर्जन जॉन होमन्स यांनी लांबच्या विमानप्रवासानंतर झालेली अशीच गुठळी नोंदवली. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला हा धोका जास्त असतो.

आणि आपण काय करतो? एसटीत लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही, पाय आखडून बसून राहतो. विमानात ही सवय सोडायची. तिथं संडासाची सोय असते. घोट घोट पाणी प्यायचं, अधूनमधून उठायचं, बसल्या बसल्या पावलं वरखाली हलवायची.

१९९५ सालची एक गोष्ट ऐका. हाँगकाँगहून लंडनला जाणाऱ्या विमानात एक बाई होती. विमानतळावर येताना ती मोटारसायकलवरून पडली होती. आधी वाटलं, हातालाच लागलंय. विमान उडाल्यावर मात्र तिला श्वास घेता येईना. फुप्फुसाबाहेर हवा कोंडली होती. प्रवाशांत अँगस वॉलेस नावाचे सर्जन होते. त्यांनी आणि आणखी एका डॉक्टरांनी कपडे अडकवायच्या हँगरची तार, रबरी नळी आणि पाण्याची बाटली घेऊन, ब्रँडीनं तार निर्जंतुक करून ती हवा बाहेर काढली. बाई वाचली.

असे प्रसंग रोजचे नाहीत. अमेरिकेत २०१३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात साधारण ६०४ फेऱ्यांमागे एकदा कुणी आजारी पडल्याची नोंद आहे. त्यात सगळ्यांत जास्त चक्कर येण्याचे. विमानात ऑक्सिजन असतो, औषधांची पेटी असते, शिकवलेली माणसं असतात. ती प्रवाशांत डॉक्टर आहे का विचारतात, जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलतात. गरज पडली तर विमान जवळच्या विमानतळावर उतरवतात.

पण मैत्रिणींनो, ही सगळी सोय आपण तोंड उघडल्यावरच कामाला येते. "कुणाला कशाला त्रास?" म्हणून सोसत बसलो, तर शेजारच्यालाही कळत नाही.

म्हणून आम्ही काकूंची पिशवी भरून दिली. रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. आणि बजावलं, छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली, तर मदतीचं बटण दाबा. हिंदीत सांगा, खुणेनं सांगा, पण सांगा.

काकू हसून म्हणाल्या, "बरं झालं विचारलं." विचारणाऱ्या बाईमुळं आम्हीही शहाण्या झालो.